बेकरीवाल्याचं बॉनेट

माझ्या सासूबाईंचा पाखरांवर कधीच राग नव्हता. "त्यांच्यामुळे चूल पेटते आपली," असं त्या उघड म्हणायच्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची एक शेड आहे. तिथे त्या गाड्यांचा रंग दुरुस्त करतात. ओरखडे, घासलेले कोपरे हे सगळं येतंच, पण भरवशाचं गिऱ्हाईक आणून देतात ती पाखरं. गाडी उन्हात उभी असते, वरून पाखरानं आपलं काम उरकलेलं असतं आणि मालक म्हणतो, संध्याकाळी पुसू. संध्याकाळपर्यंत घाण वाळून तापलेल्या रंगात शिरलेली असते. पुसली तरी खाली एक खरबरीत वण राहतो, आणि मग मालक तोंड वाकडं करून सासूबाईंच्या दारात.

शेडच्या भिंतीला भिंत लागून माझं दुकान आहे, गाड्यांच्या वायरिंगचं. जावयानं सासूच्या शेजारी दुकान थाटलं म्हणून मित्रांनी माझी यथेच्छ टिंगल केली. मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. "किती वेळ लागेल?" असं गिऱ्हाइकानं दुसऱ्यांदा विचारलं की माझं डोकं फिरतं. मग भिंतीपलीकडून आवाज येतो, "जावईबापू, पाणी प्या." आता निम्मी गल्ली मला जावईबापूच म्हणते. माझं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलंय.

शेड मुळात सासऱ्यांची. ते चेपलेला पत्रा ठोकून सरळ करण्यात वाकबगार होते, पण रंगात कच्चे. सासूबाई दुपारी डबा घेऊन यायच्या आणि त्यांचं जेवण होईपर्यंत उगाच हात रिकामे नकोत म्हणून काचांना टेप लावून द्यायच्या. एकदा सासऱ्यांनी मारलेला रंग बघून त्या म्हणाल्या, "हा त्या गाडीचा रंग नाही." सासरे घास तोंडात तसाच ठेवून म्हणाले, "मग तूच मार." सासूबाईंनी मारला. सासऱ्यांनी डबा पुसून ठेवला आणि त्या दिवसापासून रंगाला हात लावला नाही.

सासरे लवकर गेले. माझी बायको तेव्हा शाळेत होती. बाईमाणूस एकटी काय शेड चालवणार, असं म्हणत लोकांनी गाड्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. कित्येक दिवस सासूबाई सकाळी शेड उघडायच्या, झाडायच्या आणि स्टुलावर बसून राहायच्या. एके दिवशी बेकरीवाल्यानं आपली पांढरी डिलिव्हरी व्हॅन आणून उभी केली आणि म्हणाला, "ताई, पाखरांनी वाट लावलीय. बघता का जरा?" ती त्यांची एकटीनं केलेली पहिली गाडी. ते काम बघून बाकीचे हळूहळू परत आले. सासूबाई हे कधी विसरल्या नाहीत आणि आम्हालाही विसरू दिलं नाही.

बेकरी आमच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर. बेकरीवाला म्हणजे गोल, घामट, हसरा माणूस. भट्टी विझली की ट्रेमधला चुरा मागच्या अंगणात झटकायचा. पाखरं हजर. चुरा खाऊन वर झाडावर बसायची आणि झाडाखाली असायची ह्याची व्हॅन. "अहो, चुरा टाकणं बंद करा, निम्मा त्रास वाचेल," मी सांगून दमलो. तो म्हणायचा, "त्यांचीही सवय झालीय हो मला." त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा तरी त्याचं बॉनेट सासूबाईंपुढे असायचं.

त्यांची कामाची पद्धत मी रोज बघतो. आधी ओलं फडकं डागावर ठेवून देतात आणि दुसऱ्या कामाला लागतात. घाण आपोआप मऊ पडू देतात, खरवडत नाहीत. मग बोटांच्या पाठीनं वण चाचपतात, कारण बोटांची टोकं कधीचीच राठ झालीत. वण वरवरचा असेल तर पाण्यात भिजवून घासायचा बारीक कागद आणि पॉलिश एवढ्यावर भागतं. खोल असेल तर तेवढ्या भागाला नवा रंग द्यावा लागतो, आणि तिथे खरी परीक्षा. सासूबाई टेप सपाट चिकटवत नाहीत. तिची कड उलटी दुमडून उभी ठेवतात, म्हणजे फवारा तिच्याखाली हळूहळू विरत जातो. नवा रंग कुठे संपला आणि जुना कुठे सुरू झाला हे हाताला कळत नाही. बाकी कुठल्याच शेडमध्ये एवढा वेळ कुणी घालवत नाही.

सगळ्यात छळणारा रंग पांढरा. गाडी जुनी झाली की तिचा पांढरा बदलतो, म्हणून डब्यातला कोरा पांढरा चालत नाही. त्यात पिवळ्याचा एखादा थेंब टाकायचा, ढवळायचा, गाडीशेजारी धरून बघायचा. हे सगळं नजरेवर. त्यांची नजर म्हणजे आमच्या घरची मिळकत होती.

गेल्या वर्षी बेकरीवाल्याचं बॉनेट जास्तच खराब झालं. वण खोल गेले होते. सासूबाईंनी नवा रंग दिला, वर चकाकीसाठी लॅकर मारलं, आणि संध्याकाळी शेडमधल्या पिवळ्या दिव्याखाली व्हॅन त्याच्या ताब्यात दिली. मी बाहेर कामावर होतो. दुसऱ्या दिवशी गल्लीतला शिंपी हसत हसत माझ्या दुकानात आला. "जावईबापू, बेकरीवाल्याचं बॉनेट बघितलंत का? स्वतःच रंग मारलाय म्हणे, लोणी फासल्यासारखं दिसतंय." मी जाऊन बघितलं. पांढऱ्या बॉनेटवर मधोमध पिवळट पट्टा. बेकरीवाला कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "एक डाग राहिलाय असं वाटलं, म्हणून मीच घरी रंग मारला. फसला. काय करणार, हौस!"

भिंतीपलीकडे शिंप्याचा आवाज पोचायला कितीसा वेळ लागणार? सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या कामावर रंग मारला? डाग राहिला होता तर मला सांगायचं होतं! पहिली गाडी ह्यानं दिली म्हणून मी ह्याला भावासारखा मानला, आणि हा माझ्या कामावर ब्रश फिरवतो?"

"तुम्ही एकदा बघून तरी या," मी म्हणालो.

"मला ते बॉनेट दाखवूही नका."

त्या गेल्या नाहीत. बेकरीवाल्यानंही व्हॅन झाडाखाली भिंतीकडे तोंड करून लावायला सुरुवात केली. मला वाटलं, लाजतोय बिचारा. येणारेजाणारे त्याची थट्टा करायचे, सासूबाई तर गल्लीभर त्याला नावं ठेवायच्या. "पाव भाजणाऱ्यानं पाव भाजावेत." तो सगळं ऐकून हसायचा. आणि सासूबाईंनी त्याचा पाव बंद केला.

ही मात्र माझ्यावर आलेली आफत होती. आमच्याकडे सकाळी सासूबाईंसकट सगळ्यांना चहाबरोबर पाव लागतो, आणि दुसरी बेकरी थेट पुलापलीकडे. पहाटे उठून पुलापलीकडे जाणारा माणूस मी नव्हे. मी गुपचूप त्याच्याचकडे गेलो. तोंड उघडायच्या आत त्यानं बेकरीचा शिक्का नसलेला कोरा कागद काढला, त्यात पाव गुंडाळला आणि म्हणाला, "ताईंना सांगा, पुलापलीकडचा आहे." मी तसंच सांगितलं. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "बघा! त्या हौशी रंगाऱ्याच्या पावापेक्षा कितीतरी हलका." बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं. हे कित्येक महिने चाललं.

त्याच सुमाराला सासूबाई आमच्या कपड्यांना नावं ठेवायला लागल्या. आमच्या घरी कपडे मी धुतो. बायको दवाखान्यात कामाला जाते, माझं दुकान खाली आणि घर वर, म्हणून ते काम माझं. मला त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. तर एक दिवस दोरीवरचा माझा शर्ट बोटानं उचलून सासूबाई म्हणाल्या, "पिवळा पडलाय." मी साबण बदलला. "चादरीसुद्धा पिवळ्या." मी कपडे रात्रभर भिजवले. "जावईबापू, राग मानू नका, पण तुमच्या हाताला पांढरं निघत नाही." राग मानू नका! मी तो शर्ट घेऊन अख्ख्या गल्लीत फिरलो. शिंप्याला विचारलं, चहावाल्याला विचारलं, बेकरीवाल्याला विचारलं, "हा कसा दिसतो?" सगळे म्हणाले पांढराशुभ्र. बेकरीवाला मात्र शर्टाकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "ताईंना डोळे दाखवून आणा."

मी वरती आलो आणि शर्ट टेबलावर आपटला. "आई, दोष माझ्या धुण्यात नाही, तुमच्या डोळ्यांत आहे!"

मला वाटलं भांडण होईल. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. मग माझ्या बायकोकडे बघून म्हणाल्या, "मला शंका होती गं. धुरकट दिसतं. पण रंगवालीचे डोळे गेले असं एकदा कळलं ना, तर कुणी गाडी देणार नाही. तुझे बाबा गेले तेव्हाची ती रिकामी शेड मी पुन्हा नाही बघू शकत." हे त्यांनी इतके दिवस पोटात ठेवलं होतं. माझा राग कुठच्या कुठे गेला. शर्टाची घडी घालायचं काम मी उगाच लांबवत राहिलो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत, आणि उजवा आधी करू म्हणाल्या. गल्लीत आम्ही सांगितलं, सासूबाई बहिणीकडे गेल्यात. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. सासूबाईंनी समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि बघतच राहिल्या. एक डोळा झाकला, दुसरा उघडला. मग उलट केलं. "ह्या डोळ्यानं भिंत पांढरी," त्या म्हणाल्या, "आणि ह्या डोळ्यानं चहाच्या फडक्यासारखी. बाई गं! मी कुठे राहत होते इतके दिवस?"

घरी आल्याबरोबर काळा चष्मा वर करून त्यांनी आधी दोरी बघितली. माझा शर्ट वाऱ्यावर हलत होता. त्यांनी माझा हात धरला. "पांढरा आहे हो, जावईबापू. फार छान धुता तुम्ही." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा हार मला कुणी घातला नव्हता.

नवा डोळा आला आणि सासूबाईंचं मन मोठं झालं. चारच दिवसांनी म्हणाल्या, "त्या बेकरीवाल्याला मी माफ केलं. परमेश्वरानं मला नजर परत दिली, मी कशाला जुना राग धरून बसू? डॉक्टरांनी परवानगी दिली की त्यानं बिघडवलेलं बॉनेट मी स्वतः नीट करून देणार. त्याला सांगा, गाडी दाखवून जा."

मी निरोप दिला. बेकरीवाल्याचा चेहरा पडला. "राहू द्या हो, गाडी चालतेय ना." दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाला, "क्लच बिघडलाय." त्याच दुपारी व्हॅन माझ्या दुकानावरून गेली. माझं डोकं फिरलं. एवढी बाई माफ करायला निघालीय आणि ह्याचे नखरे! मी सासूबाईंना म्हणालो, "चला, आपणच जाऊ."

संध्याकाळच्या पावाची वेळ होत आली होती, पुढे दुकानात रांग लागायला सुरुवात झाली होती. आम्ही मागच्या अंगणात गेलो. व्हॅन भिंतीला नाक लावून झाडाखाली उभी होती आणि पाखरांनी बॉनेटवर मनसोक्त हात साफ केला होता. "काढा बाहेर, उजेडात," सासूबाई म्हणाल्या. बेकरीवाला पिठाचे हात झटकत नुसता उभा राहिला. किल्ली तिथेच खुंटीला होती. मीच व्हॅन बाहेर काढली.

सासूबाईंनी काळा चष्मा काढला. ओल्या फडक्यानं बॉनेटचा एक कोपरा हलक्या हातानं पुसला आणि त्या पट्ट्याकडे बघितलं. "केवढं पिवळं घातलंत हो," त्या म्हणाल्या. "ब्रशनं मारला?"

"हो, ब्रशनं," बेकरीवाला म्हणाला.

"ब्रशच्या रेघा कुठे आहेत?"

"गेल्या असतील पावसात."

सासूबाई वाकल्या. बोटांची पाठ पट्ट्यावरून फिरवत त्याच्या कडेपर्यंत नेली. परत आणली. पुन्हा नेली. "टेप कशी लावली होती?"

"टेप? टेप लावली की. सरळ."

"सरळ लावली असती तर इथे कड लागली असती हाताला." आता त्या अगदी हळू बोलत होत्या. त्यांनी तळहातानं नवा डोळा झाकला आणि जुन्या डोळ्यानं बॉनेटकडे बघितलं. मग हात काढला. पुन्हा झाकला. मला काही कळेना. मग एकदम कळलं. जुन्या डोळ्याला तिथे पट्टाच दिसत नव्हता. त्या डोळ्यासाठी रंग अगदी बरोबर जमला होता.

"ही कड माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. "हे माझं काम आहे."

बेकरीवाल्यानं मान खाली घातली. चोरी त्याचीच पकडल्यासारखा उभा होता.

"तुम्ही का सांगितलंत, की मी केलं म्हणून?"

"दुसऱ्या दिवशी उन्हात बघितलं तेव्हा वाटलं, तुमच्याकडे यावं आणि दाखवावं. तेवढ्यात शिंपी आला. म्हणाला, हे काय ध्यान, कुणी केलं? आता त्याच्या तोंडी तुमचं नाव गेलं असतं तर दुपारपर्यंत गल्लीभर झालं असतं, ताई. मला हसले तर काय बिघडतं? पाव विकला जातोच. तुमच्या शेडवर कोण आलं असतं?"

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्या चालायला लागल्या. मला वाटलं घरी निघाल्या. त्या अंगणातून वळून थेट बेकरीच्या पुढच्या दारी गेल्या. तिथे रांग लागली होती: शिंपी, चहावाला, शाळेतल्या बाई, टॅक्सीवाले. बेकरीवाला "ताई, ताई" करत मागून धावला. मला एकच धास्ती वाटली, की इतके दिवस जपलेलं गुपित ह्या बाई एका वाक्यात फोडून टाकणार.

"ऐका सगळे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शेडमध्ये मशीनच्या घरघरीवरूनही ऐकू जाणारा, बेकरीत तो भांड्यांवर आदळला. "ह्यांचं बॉनेट ह्यांनी नाही बिघडवलं. मी बिघडवलं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, मला पांढरं-पिवळं वेगळं दिसत नव्हतं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. ह्या माणसानं ते स्वतःवर घेतलं. तुम्ही हसलात, आणि सगळ्यात जास्त नावं मी ठेवली. माझी शेड आज उघडी आहे ती ह्यांच्यामुळे. तेव्हाही ह्यांच्यामुळे आणि आत्ताही. आता तुम्हाला गाड्या दुसरीकडे न्यायच्या असतील तर खुशाल न्या."

मग शिंपी डोकं खाजवत म्हणाला, "म्हणजे माझ्या गाडीचं दार... मी बायकोला सांगत होतो, उन्हानं पिवळं पडलंय."

"ते पण मीच," सासूबाई म्हणाल्या.

"मग ते तुम्हीच नीट करा. मी कुठे नेणार दुसरीकडे? एवढं बेमालूम चुकवायला तरी कुणाला जमणार आहे?"

रांग हसली. शाळेतल्या बाईंनी विचारलं, "दुसरा डोळा कधी करताय? माझ्या गाडीवर चार डाग वाट बघतायत." मी तापट माणूस, पण त्या क्षणी मला त्या रांगेतल्या एकेकाच्या पाया पडावंसं वाटलं. सासूबाई खांब धरून उभ्या होत्या.

बेकरीवाला काउंटरमागे गेला. एवढं सगळं झाल्यावर हातांना काहीतरी काम हवं म्हणून असेल, त्यानं भट्टीतून नुकताच निघालेला पाव उचलला आणि सवयीनं, न बघता, कोऱ्या कागदात गुंडाळला. कागदाचं टोक आत दुमडून दाबलं आणि पुडा सासूबाईंच्या हातात दिला.

त्यांची बोटं त्या घडीवरून फिरली. मग थांबली. रोज सकाळी हीच घडी त्या उघडत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बेकरीच्या पंख्याकडे बघितलं.

"पुलापलीकडचा?" त्यांनी विचारलं.

"पूल फार लांब आहे हो, ताई," बेकरीवाला म्हणाला. "जावईबापूंचे पाय दुखतात."

"मी तुम्हाला गल्लीभर नावं ठेवत होते," सासूबाई म्हणाल्या, "आणि रोज सकाळी तुमचंच खात होते."

"रागावलेल्या माणसालाही भूक लागतेच की."

डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी तसं म्हणालोसुद्धा. "गप्प बसा, जावईबापू," त्या म्हणाल्या आणि सगळ्या रांगेसमोर, नव्या आणि जुन्या दोन्ही डोळ्यांनी रडल्या. घरी येताना मी पुडा मागितला, तर त्यांनी दिला नाही. कागदातून हाताला चटके बसत होते, तरी वरच्या मजल्यापर्यंत त्यांनीच तो छातीशी धरून आणला.